पहिल्या पावसाचा वास मातीचा नव्हेच!

प्रश्न : वळवाची पहिली सर आली की मातीला मस्त वास सुटतो. श्रावणात तीच माती रोज भिजते, तेव्हा तो वास कुठे जातो? आणखी एक. आमच्या घरी ‘माती खाल्ल्यासारखं लागतं’ म्हणून बीटाला कुणी हात लावत नाही. या दोन्हींत काही संबंध आहे, की माझाच गोंधळ? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : गोंधळ कसला, नेमकं बोट ठेवलंत. तो वास मुळात मातीचा नाहीच. त्यातला मातकट भाग स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंचा. हे दिसायला बुरशीसारखे, तंतू पसरत वाढणारे. खाणं संपत आलं की ते बीजाणू धरतात आणि त्याच वेळी जिओस्मिन नावाचं रसायन सोडतात.

कशासाठी? कुंडी उचलून पाहा, खालच्या ओलीत टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके जीव टुणटुण उडताना दिसतील. हे स्प्रिंगटेल. वासाच्या मागावर ते येतात, जिवाणू खातात आणि अंगाला चिकटलेले बीजाणू दुसरीकडे नेऊन टाकतात. ही देवघेव 2020 साली उजेडात आली. म्हणजे आमंत्रण त्यांना, आणि खिडकीत उभे राहून खूश होतो आपण! आपलं नाकही या बाबतीत भलतंच तिखट. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत जिओस्मिनचे पाच-दहा भाग असले तरी त्याला कळतं.

उन्हाळाभर हे जिओस्मिन आणि वनस्पतींची तेलं कोरड्या मातीत साचत जातात. थेंब आपटला की मातीच्या छिद्रांतली हवा त्याच्याखाली अडकते, तिचे बुडबुडे सोड्यासारखे वर येऊन फुटतात आणि वास घेऊन तुषार उडतात. श्रावणात छिद्रं पाण्याने भरलेली, साठाही धुऊन गेलेला. शिवाय नाकाला सवय होते, ती वेगळीच.

स्ट्रेप्टोमायसिसच्या याच कुळाने आपल्याला औषधंही दिली. 1943 साली अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याला त्यात क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. 1952चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समनना मिळालं. मला हे आजही खटकतं. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनेही याच कुळातून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. त्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. अंगाला खाज सुटली तर पिंपरीची आठवण काढायला हरकत नाही.

आता बीट. घरच्यांची तक्रार शंभर टक्के खरी, कारण बीटातही हेच जिओस्मिन असतं. तळ्यातल्या माशाला मातकट वास येतो, तोही बहुधा त्याचाच. आंबटात ते मोडतं. तेव्हा बीटाच्या कोशिंबिरीवर लिंबू जरा सढळ हाताने पिळा आणि पंधरा मिनिटं थांबून मगच वाढा.