उंदीर आणि पऱ्हाटी एकाच पंगतीत?

प्रश्न : मुलगी अमरावतीला प्राणिशास्त्र शिकते. तिच्या वहीत ‘ट्रान्सजेनिक’, ‘नॉकआउट’, ‘हेमिझायगस’ उंदीर असे शब्द दिसले. आमच्या बीटीलाही ट्रान्सजेनिकच म्हणतात ना? मग उंदीर आणि पऱ्हाटी एकाच पंगतीत कसे?
— एक कास्तकार, दर्यापूर

उत्तर : पंगत एकच, कारण ‘ट्रान्सजेनिक’ हा शब्द जातीचा नाही, कृतीचा आहे. बाहेरचे जनुक गुणसूत्रात बसले आणि पिढीजात उतरू लागले, की तो सजीव ट्रान्सजेनिक. २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीत ते बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे. ‘बीटी’ ही त्याचीच आद्याक्षरे. २०१९ साली अकोली जहागीरला ज्या परवानगी नसलेल्या एचटीबीटी कपाशीवरून शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, तिच्यात तणनाशक सोसणारे जनुक जास्तीचे. उंदरांत १९८२ साल गाजले. पामिटर आणि ब्रिन्स्टर या शास्त्रज्ञांनी उंदराच्या फलित अंड्यात रॅटचे, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराचे, वाढीच्या संप्रेरकाचे जनुक सोडले. काही पिल्ले भावंडांच्या जवळजवळ दुप्पट झाली.

नॉकआउटमध्ये बाहेरून काही आणायचे नसते. उंदराचेच एक जनुक बंद पाडायचे आणि काय अडते ते पाहायचे. स्टार्टरमधला फ्यूज काढला की तो कशासाठी होता ते कळते, तसे. या तंत्राच्या पायाभरणीसाठी कापेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चे नोबेल मिळाले. ठरल्या जागी नेमके जनुक बसवले, तर तो ‘नॉक-इन’.

आता हेमिझायगस. गुणसूत्रे जोडीने असतात. आणलेले जनुक जोडीतल्या एकावरच असेल, तर उंदीर हेमिझायगस. साध्या उंदराशी त्याची जोडी लावली, तर साधारण निम्म्या पिल्लांत ते उतरते. उरलेली ‘वाइल्ड टाइप’, म्हणजे तुलनेसाठी आयती भावंडे. दिसायला बहुधा सगळी सारखीच. म्हणून शेपटीचा इवलासा तुकडा घेऊन डीएनए तपासतात.

तुमच्या शेतातही हेच आहे. आपल्याकडच्या बीटी संकरित वाणांत जनुक बहुधा एकाच पालकाकडून येते. असे झाड बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे त्याला धरलेल्या बोंडांतली सुमारे पाव सरकी एखाद्या बीटी जनुकावाचून असते. बीटी जनुक अळीला मारणारे विष बनवते; म्हणजे एकाच बोंडात विषाची आणि बिनविषाची सरकी शेजारी-शेजारी, आणि गुलाबी बोंडअळी नेमकी सरकीच खाते. तिला विष पचू लागण्यामागचे हे एक कारण मानले जाते. तेव्हा लेकीला ‘हेमिझायगस’ समजवायचा असेल, तर तिच्या हातावर एक बोंड फोडून ठेवा.