मधाचे गुण

सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या परिसरात, होळीच्या सुमारास रानाला बहर येऊ लागतो. जांभूळ, हिरडा, गेळा यांसारखे वृक्ष एकामागून एक फुलतात आणि सकाळपासून मधमाश्यांची ये-जा सुरू होते. तेथील मधपाळ याच दिवसांची वाट पाहत असतात. पुढे पावसाळ्यात या भूमीवर पावसाची अशी झड लागते की, माश्यांना पेटीबाहेर पडणेही कठीण होते. त्या काळात साठविलेल्या मधावरच त्यांचा निर्वाह चालतो. म्हणून जाणता मधपाळ पेटीतील सर्व मध कधीही काढून घेत नाही. याच डोंगरातील मांघर या खेड्यात बहुसंख्य कुटुंबे मधमाश्या पाळतात. २०२२ साली हे गाव देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले.

फुलातील रस म्हणजे मध नव्हे. त्या रसाला मकरंद म्हणतात आणि त्यात पाण्याचा अंश पुष्कळ असतो. माशी तो आपल्या पोटातील मधकोठीत भरून आणते. तिच्या लाळेतील पाचक द्रव्यांमुळे मकरंदातील साखरेचे विघटन होऊन द्राक्षशर्करा व फलशर्करा या दोन साध्या शर्करा तयार होतात. पोळ्यात आल्यावर हा रस एका माशीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात जातो, मग कोठड्यांत भरला जातो, आणि शेकडो माश्या पंखांनी वारा घालून त्यातील पाणी उडवितात. पाण्याचे प्रमाण सुमारे एक पंचमांशापर्यंत उतरले, की माश्या त्या कोठडीवर मेणाचे झाकण घालतात. ऐन हंगामात कामकरी माशीचे आयुष्य सुमारे सहा आठवड्यांचे असते. ती साठवीत असलेला मध बहुधा तिच्या वाट्याला येतच नाही.

असा पक्व मध झाकून ठेवल्यास वर्षानुवर्षे टिकतो. दूध एका दिवसात नासते, भात आंबतो, मग मधच का टिकावा? मधात शर्करा इतकी दाट असते की, त्यात पडलेल्या जंतूच्या शरीरातील पाणी शोषले जाते व तो वाढू शकत नाही. मध चवीला गोड लागला तरी तो आम्लधर्मी आहे. हीही गोष्ट जंतूंना प्रतिकूल ठरते. शिवाय माशीच्या लाळेतील एका द्रव्यामुळे, मध थोडा पातळ झाला म्हणजे त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड अल्प प्रमाणात उत्पन्न होते. जखमा धुण्यासाठी वापरले जाणारे औषध ते हेच.

जंतूंचे अस्तित्वही ठाऊक नसताना प्राचीन वैद्यांनी हा गुण हेरला होता, याचे आश्चर्य वाटते. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० या काळातील एका मिसरी ग्रंथात जखमेवर मध व चरबी लावण्यास सांगितले आहे. आपल्याकडे सुश्रुताने मधाचे आठ प्रकार वर्णिले असून व्रणावर मध व तूप यांचा उपयोग सांगितला आहे. आजही भाजल्याच्या व चिघळलेल्या जखमांसाठी काही रुग्णालयांत मधाच्या पट्ट्या वापरतात. मात्र तो मध विशिष्ट किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. फडताळातील बरणीतला नसतो. घरात कोणी भाजले, तर प्रथम त्या भागावर वीस मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे आणि जखम मोठी असल्यास वैद्याकडे न्यावे, हेच योग्य होय.

खोकल्यावर आल्याचा रस व मध किंवा अडुळसा व मध देण्याची रीत महाराष्ट्रातील घराघरांत आहे. सितोपलादी चूर्णही मधातूनच चाटवितात. यात मध हा केवळ कडू औषध गोड करण्यापुरता नसतो. तो घशाला आवरण घालतो व त्यामुळे खवखव शमते. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही मुलांच्या खोकल्यावरील साध्या, निर्धोक उपायांत मधाचा उल्लेख केला. निजण्यापूर्वी एक लहान चमचा मध पुरेसा होतो.

परंतु एक वर्षाच्या आतील बालकाला मध मुळीच देऊ नये. हा नियम घरातील प्रत्येकाने, थोरल्या भावंडांनीसुद्धा, पक्का ध्यानात ठेवावा. नवजात बालकाच्या जिभेला मध लावण्याची किंवा गुटीत मध घालण्याची चाल अनेक घरांत आहे. ती प्रेमापोटीच पाळली जाते. तथापि तिच्यात धोका आहे. मधात कधी कधी बोटुलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. मधात ते वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही. तान्ह्या बालकाचे आतडे मात्र अपक्व असते. तेथे बीजाणू रुजतात, जंतू वाढतात व विष निर्माण करतात. मग बालकाला बद्धकोष्ठ होते, रडणे क्षीण होते, मान लुळी पडते, दूध ओढता येत नाही, आणि पुढे श्वासोच्छ्वासही अडतो. अमेरिकेत १९७६ साली या रोगाची प्रथम ओळख पटली. रोग विरळा आहे, परंतु तो प्राणावर बेततो. घरी मध उकळल्याने हे बीजाणू नष्ट होत नाहीत. आजीने मायेने मधाचे बोट पुढे केले, तर ‘पहिला वाढदिवस झाल्यावर द्या’ असे नातवंडाने तिला आदराने सांगण्यास हरकत नाही.

सौंदर्यप्रसाधनांत मधाला स्थान मिळाले ते त्याच्या पाणी धरून ठेवण्याच्या गुणामुळे. थंडीत ओठ फुटले किंवा हात खरखरीत झाले, तर मधाचे बोट फिरविल्याने त्वचा मऊ पडते. डाळीच्या पिठात थोडा मध कालवून चेहऱ्याला लावतात, तेही याचसाठी. पोळ्याचे मेणही वाया जात नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याचे नाव ज्या लेपाशी जोडले जाते, तो मेण, तेल व गुलाबपाणी यांचा होता. आजच्या कोल्ड क्रीमचा तो पूर्वज समजला जातो. मधाने वर्ण उजळतो, ही समजूत मात्र पोकळ आहे. वर्ण हा त्वचेतील रंगद्रव्यावर अवलंबून असतो. मधाचा हात लागला की केस पिकतात, अशी भीती अनेकांना घातली जाते. केसांचा रंग त्यांच्या मुळाशी ठरतो, तेव्हा तीही सोडून द्यावी. क्वचित एखाद्याला परागकणांमुळे मध बाधतो. त्याने तो आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडा लावून पाहावा.

मध गुणकारी असला तरी शेवटी ती शर्कराच आहे. मधुमेह्याला तो साखरेइतकाच जपून खावा लागतो. फार तापविल्याने त्यातील पाचक द्रव्ये नष्ट होतात. उष्ण मध सेवन करू नये, असे चरकानेही सांगितले आहे.

शुद्ध मध ओळखण्याच्या अनेक युक्त्या सांगितल्या जातात. कोणी तो पाण्यात सोडून पाहतात, कोणी काडीला लावून पेटवितात. लबाड व्यापाऱ्याने मिसळलेला साखरेचा दाट पाक या परीक्षांत सहज उतरतो. खरी परीक्षा प्रयोगशाळेतच होते. म्हणून ओळखीच्या मधपाळाकडून किंवा विश्वासाच्या संस्थेकडून मध घ्यावा. तो यंत्राने काढलेला असल्यास अधिक चांगला, कारण पोळे पिळून काढलेल्या मधात अळ्यांचा रस उतरतो आणि माश्यांची पुढची पिढीही मारली जाते. यंत्रात पोळे फिरविले की मध बाहेर फेकला जातो व रिकामे पोळे माश्यांना परत देता येते.

थंडीच्या दिवसांत बरणीतील मध कधी कधी रव्यासारखा गोठतो. साखर घातली आहे, असे समजून पुष्कळ लोक तो टाकून देतात. वस्तुतः त्यातील द्राक्षशर्करेचेच ते कण असतात. बरणी कोमट पाण्यात काही वेळ ठेवली, की मध पूर्ववत पातळ होतो.