टोरांटोत घर कुठं घ्यावं?

प्रश्न : पत्नी आणि सात वर्षांच्या मुलीसह टोरांटोला स्थायिक होतोय. नोकरी डाउनटाउनमध्ये. सगळे शेजारचं ब्रॅम्प्टन शहरच सुचवतात. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ब्रॅम्प्टनमध्ये आपली माणसं, आपला किराणा सहज मिळेल. पण तिथं गाडीवाचून अडतं आणि गाडीचा विमा भलताच महाग! तुमच्या जागी मी सबवेच्या ‘लाइन २’जवळ, केनेडी-वॉर्डन किंवा इस्लिंग्टन-किपलिंगकडे घर शोधेन.

नाशकात बसून फोटोंवर भुलून पैसे मात्र पाठवू नका. आधी तात्पुरतं राहा आणि स्टेशनपासून घरापर्यंत रात्री चालून बघा. टोरांटो पोलिसांचा वस्तीनिहाय गुन्ह्यांचा नकाशाही ऑनलाइन आहे.

‘नवीन आहात, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्या’ असं घरमालक म्हणेल. ऑन्टारियोच्या कायद्यानुसार त्याला फार तर एका महिन्याच्या भाड्याएवढी अनामत मागता येते आणि तीही शेवटच्या महिन्याच्या भाड्यातच वळती होते. मोडतोडीपोटी डिपॉझिट मागणं बेकायदा. बेसमेंट स्वस्त पडतं, पण आग लागली तर बाहेर पडायची वाट कुठली, हे विचारा. सरकारी शाळा सहसा पत्त्यावरून ठरते, तेव्हा करारावर सही करण्याआधी मुलीची शाळा कुठली येते तेही पाहून घ्या.