कागद पुन्हा काढ

पोरी,

सोमवारपासून तुला कॅज्युअल्टीत रात्रपाळी लागली, असं दादा फोनवर म्हणाला. तू धास्तावली आहेस असंही म्हणाला. धास्ती असू दे, ती माणसाला जागं ठेवते. पुस्तकातलं मी तुला सांगत नाही, ते तू माझ्याहून ताजं वाचलेलं आहेस. कोकणात तालुक्याच्या गावी 34 वर्षं ईसीजी काढले आणि वाचले, त्यातलं जे मला उशिरा कळलं तेवढंच सांगते.

छातीत दुखतंय म्हणत आलेल्या माणसाचा ईसीजी 10 मिनिटांत तुझ्या हातात हवा. केसपेपर मागून होईल. पट्टी हातात आली की आधी तिच्या टोकाची चौकोनी खूण बघ. ती 10 मिलिमीटर उंच हवी आणि कागदाचा वेग 25 हवा. आधीच्या कुणा पेशंटसाठी कोणीतरी मशीन निम्म्यावर आणून ठेवलेलं असतं आणि तसंच विसरलेलं असतं. मग 2 मिलिमीटर वर गेलेली एसटी तुला 1 दिसते आणि तू निर्धास्त होतेस. मग लीड वनकडे बघ. तिथे सगळं उलटं आणि एव्हीआरमध्ये सरळ दिसलं, तर बहुतेक डाव्या-उजव्या हाताच्या वायरी बदलल्यात. हृदयच उजवीकडे असेल तर छातीच्या लीडमध्ये लाटा व्ही-6 कडे जाताना खुज्या होत जातात. वायरी चुकल्या असतील तर छातीची रांग नेहमीसारखी राहते.

छातीचे इलेक्ट्रोड कोण लावतं ते जाऊन बघ. व्ही-1 आणि व्ही-2 चौथ्या बरगडीखालच्या फटीत हवेत, पण घाईत ते गळ्याकडे सरकतात. बायकांच्या बाबतीत तर हमखास. पडदा ओढलेला नसतो, बाई पदर सोडत नाही, लावणारा मुलगा संकोचतो आणि व्ही-4 स्तनाच्या वर कुठेतरी चिकटवून मोकळा होतो. मग आर वेव्ह वाढताना दिसत नाही आणि कधी न आलेला जुना झटका आपण तिच्या नावावर लिहितो. पडदा ओढ, सिस्टरला बोलाव, बाईला एका वाक्यात समजावून सांग आणि व्ही-4 स्तनाखाली बरगडीवर लाव. बायका छातीत दुखतंय असं बऱ्याचदा म्हणतच नाहीत. दम लागतो, मळमळतं, जबडा अवघडलाय, हातातलं बळ गेलंय असं सांगतात. त्यांचा ईसीजी कोणीतरी आठवणीने मागावा लागतो, तो तू माग.

आता माझी एक रात्र सांगते.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता, बोटी नुकत्या समुद्रात जायला लागल्या होत्या. पंचेचाळिशीचा एक गडी बोटीवरून थेट आला. पोटाच्या वरच्या भागात जळतंय, पित्त झालंय, असं तो स्वतःच म्हणत होता. ईसीजी काढला. एसटी वर नव्हती. मी ‘नॉर्मल’ लिहिलं, पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि त्याला बाकावर पडायला सांगितलं. वीसेक मिनिटांनी सिस्टर आल्या. म्हणाल्या, “मॅडम, त्याचा बनियन पिळून निघेल एवढा भिजलाय. मघाशी रबरी फुगे छातीवर टिकत नव्हते, कापसाने पुसून पुसून लावले. मी परत काढू का?” त्यांनी काढला. व्ही-2 ते व्ही-4 मध्ये एसटी अशी चढली होती की शिकाऊ मुलालाही दिसावी. तेव्हा आमच्याकडे स्ट्रेप्टोकायनेजच होतं, 15 लाख युनिट तासाभरात सोडायचं. ते सोडलं. माणूस वाचला.

सकाळी मी पहिली पट्टी पुन्हा घेऊन बसले. ती नॉर्मल नव्हतीच. व्ही-2, व्ही-3 मधली टी वेव्ह तिच्या शेजारच्या क्यूआरएसपेक्षा उंच होती, बुडाशी रुंद, फुगलेली. झटक्याच्या पहिल्या मिनिटांत एसटी चढायच्या आधी टी अशी फुगते. मी ती बघितली होती, पण तिला काही अर्थ असेल असं माझ्या मनात आलं नाही. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी धरून आहे. एक, घामाने इलेक्ट्रोड निसटत असेल तर ते मी पट्टीवर लिहून ठेवते, कारण तो घाम हा तपासणीचाच भाग आहे. दुसरी, दुखणं चालू आहे आणि कागद साधा आहे, तर कागद पुन्हा काढायचा. 15 मिनिटांनी, मग आणखी 15 मिनिटांनी. ईसीजीत 10 सेकंदांचं हृदय दिसतं. रक्ताची गुठळी मात्र बनत असते, सुटत असते, पुन्हा बनत असते.

मशीन वरच्या कोपऱ्यात ‘नॉर्मल’ छापतं. त्यावर अंगठा ठेव आणि मग वाच.

आकडे तुला पाठ असतीलच, तरी एकदा सांगते, कारण रात्री तीन वाजता पाठ असलेलंही डळमळतं. शेजारच्या दोन लीडमध्ये 1 मिलिमीटर. व्ही-2, व्ही-3 पुरते वेगळे: चाळिशीवरच्या पुरुषात 2, चाळिशीच्या आत 2.5, बाईत 1.5. पण आकड्याच्या काठावर असलेल्या पट्टीचा निवाडा मोजपट्टीने करू नकोस, समोरची बाजू बघ. टू, थ्री, एव्हीएफमध्ये एसटी जरा चढल्यासारखी वाटते आणि एव्हीएलमध्ये ती खाली बसलेली आहे, टी उलटलेली आहे, तर तो खालच्या भिंतीचा झटका धर. कितीदा तरी एव्हीएल आधी बोलतं आणि थ्री मागून. मी अजूनही पट्टी हातात घेतली की पहिली नजर एव्हीएलवर टाकते.

खालच्या भिंतीचा झटका दिसला की लगेच उजव्या बाजूचा व्ही-4 काढ. तिथे एसटी 1 मिलिमीटर वर असेल, किंवा लीड थ्रीमधला चढ टूपेक्षा जास्त असेल, तर उजवा कप्पा सापडलाय असं समज. अशा माणसाच्या जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवू नकोस. त्याचं बीपी परत येणाऱ्या रक्तावर टिकलेलं असतं, ती गोळी ते रक्त अडवते आणि माणूस तुझ्यासमोर गार पडतो. गावात छातीत दुखलं की शेजारी आपल्या डबीतली गोळी आधी देतात, म्हणून येताना काय खाल्लं ते विचार. बीपी पडलेलं असेल आणि फुप्फुस स्वच्छ असेल तर सलाईन दे.

व्ही-1 ते व्ही-3 मध्ये एसटी खाली, आर उंच आणि टी सरळ दिसली, तर ‘इस्किमिया’ असं लिहून थांबू नकोस. पट्टी उलटी करून पाठीमागून उजेडाला धर. आता ती चढलेली दिसेल. तो पाठीमागच्या भिंतीचा झटका असतो. खात्रीसाठी इलेक्ट्रोड पाठीवर, डाव्या फऱ्याखाली ने, व्ही-7 ते व्ही-9. तिथे अर्धा मिलिमीटरही पुरे.

एव्हीआरकडे सगळे दुर्लक्ष करतात. तिथे एसटी वर आणि बाकी बहुतेक लीडमध्ये खाली असेल, तर डाव्या मुख्य धमनीत किंवा तिन्ही धमन्यांत मोठा अडथळा असू शकतो. पण खूप रक्त गेलेल्या माणसातही असंच दिसतं, म्हणून डोळ्यांच्या खालची पापणी ओढून बघ.

आणि एक अवघड पट्टी आहे, कारण ती आणणारा माणूस हसत येतो. काल रात्री दुखलं, आता काही नाही. व्ही-2, व्ही-3 मध्ये टी आधी वर जाऊन मग खाली येते, किंवा खोल उलटी असते. 1982 साली वेलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे लिहून ठेवलं. पुढच्या मोठ्या धमनीचं तोंड आवळलेलं असतं. अशा माणसाला ट्रेडमिलवर चालवायचं नाही. घरी पाठवायचं नाही. अँजिओग्राफीला पाठवायचं.

गुठळी विरघळवायचं औषध सुरू करण्याआधी दोन्ही मनगटांची नाडी एकाच वेळी धर. दुखणं फाटल्यासारखं पाठीत गेलंय आणि एका हाताची नाडी दबलेली आहे, तर महाधमनी चिरत असेल, तिथे ते औषध जीव घेईल. एसटी सगळीकडेच वर, मधे खोलगट, पीआर खाली, आणि माणूस पुढे वाकून बसला की दुखणं कमी होतं, तर हृदयाच्या आवरणाला सूज आहे. तिथेही ते औषध नको.

रुंद क्यूआरएस आणि वेगाची लय दिसली की ती व्हीटीच समजून चाल. पण ती अनियमित असेल आणि ठोके 200 च्या पुढे पळत असतील तर व्हेरापामिलला हात लावू नकोस. शॉक तयार ठेव.

आता आपल्या भागातल्या गोष्टी, ज्या शहरात शिकलेल्या मुलांना लवकर सुचत नाहीत. उंच टी दोन तऱ्हेची असते. झटक्याची बुडाशी रुंद, फुगलेली. पोटॅशियम चढलेल्याची देवळाच्या कळसासारखी अरुंद, टोकदार. डायलिसिस चुकलेला माणूस अशक्तपणा म्हणून येतो, पट्टीवर कळस दिसतात, पी वेव्ह नाहीशी झालेली असते, क्यूआरएस रुंदावत असतो. रिपोर्टची वाट बघू नकोस, कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून दे.

लाल विंचू चावलेलं पोर येतं. उलट्या, घाम, गार हातपाय, आणि ईसीजी बघावा तर मोठ्या माणसाच्या झटक्यासारखा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून दाखवण्याआधी अशी कितीतरी मुलं फुप्फुसात पाणी होऊन जायची. म्हणून लहान मुलाच्या पट्टीवर एसटी हललेली दिसली तर पाय तपास, अंथरूण कुठे होतं ते विचार, प्राझोसिन लवकर दे. आणि तरण्या मुलीची नाडी 40 वर आली आहे, पट्टीवर ब्लॉक आहे, आई नुसती रडते आहे आणि सांगत काही नाही, तेव्हा आईला बाहेर बसव, मुलीजवळ बस आणि बिट्टीच्या बिया खाल्ल्या का ते हळू आवाजात विचार. ते विष डिगॉक्सिनच्या जातीचं असतं. पेसमेकर असलेल्या ठिकाणी तिला पाठवायची तयारी तेव्हाच सुरू कर. पोलिसांचं नंतर बघू, हे तिच्या आईला तूच सांग.

गुठळी विरघळवायचं औषध दिल्यावर 60 ते 90 मिनिटांनी ईसीजी परत काढ. चढलेली एसटी निम्म्यावर आली नाही, तर गाडी बोलव. आली, तरीही 24 तासांच्या आत त्याला अँजिओग्राफीच्या ठिकाणी पोचवायचंच आहे.

पट्टीचा फोटो पुढच्या डॉक्टरांना पाठवताना ती सपाट ठेव, वर तुझी सावली पडू देऊ नकोस, बाराही लीड आणि ती चौकोनी खूण फोटोत येऊ दे. थर्मल कागद काही वर्षांत पुसट होऊन जातो, म्हणून झेरॉक्स काढून पेशंटच्या पिशवीत टाक आणि सांग, पुढच्या वेळी हा घेऊन या. जुना ईसीजी हाताशी असला की डावा ब्लॉक नवा की जुना हा घोळ एका मिनिटात सुटतो. आणि प्रत्येक पट्टीवर पेनाने वेळ लिही, भिंतीवरच्या घड्याळाची. मशीनचं घड्याळ लाईट गेली की मागे पडतं. दुखत होतं की नव्हतं, तेही त्या वेळेशेजारीच लिही.

तुझी
आत्या