मालवाहू जहाजावरील दुखापती : दोर, होल्ड आणि कागद

मालवाहू जहाजावर खलाशाला इजा होते ती ठरावीक जागीच होते: दोर बांधायच्या डेकवर, होल्डच्या, म्हणजे माल भरायच्या कोठाराच्या, शिडीवर, हॅच कव्हरखाली, बंद टाकीत किंवा इंजिनरूममध्ये. वादळात सापडून माणूस जायबंदी होतो, ही ज्यांनी समुद्र पडद्यावरच पाहिला त्यांची समजूत. प्रत्यक्षात जहाज शांत बंदरात धक्क्याला लागत असताना माणसे जखमी होतात, कारण त्या वेळी हात कमी असतात, घाई असते आणि आदल्या रात्रीची झोप झालेली नसते. सेनगावसारख्या बिनसमुद्राच्या तालुक्यातून जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, कोर्स करून जहाजावर जाणाऱ्या मुलाला या जागा कोणी आधी दाखवत नाही. कोर्सला पैसे भरताना तर मुळीच नाही.

पहिली जागा मूरिंगची. जहाज धक्क्याला बांधायचे जाड दोर नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ताण आला की ते लांबतात आणि तुटले की साठलेला सगळा ताण एका झटक्यात मागे फेकतात. तारेचा दोर तुटण्यापूर्वी कधी करकरतो; या दोरांकडून तशी सूचना मिळेलच असे नाही. पूर्वी दोराच्या माराचे पट्टे डेकवर पिवळ्या रंगाने रंगवत आणि त्याबाहेर उभे राहायला सांगत. तो रंग फसवा आहे. दोर मध्ये एखाद्या रोलरवरून वळला असेल तर मार भलत्याच दिशेने येतो, म्हणून ताण असेपर्यंत सगळी मूरिंग डेक धोक्याची मानावी. 1 जानेवारी 2024 पासून समुद्रावरील जीवसुरक्षेच्या सोलास करारानुसार दोरांची तपासणी व देखभाल करून तिची नोंद ठेवणे जहाजाला बंधनकारक आहे. ती नोंद मागून पाहायला खलाशी कचरतो; कचरू नये.

दोर विंचच्या ड्रमवरून काढून बिटवर, म्हणजे डेकवरच्या खुंटावर, चढवताना त्याचा ताण क्षणभर एका आखूड दोरावर, म्हणजे स्टॉपरवर, धरलेला असतो. स्टॉपर निसटला की मोठा दोर बिटवर आवळतो आणि मधे जे असेल ते चिरडते. या कामाला विंचवर एक, स्टॉपरला एक, बिटवर एक आणि नुसते बघून हुकूम देणारा एक, अशी किमान चार माणसे हवीत. प्रस्तुत लेखकाच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरे गेली तेव्हा मागच्या डेकवर दोन खलाशी आणि एक अधिकारी होते. तो अधिकारी एका हाताने विंच चालवत होता, दुसऱ्या हातातल्या वॉकीटॉकीवर ब्रिजशी बोलत होता, आणि त्याची पाठ बिटकडे होती. स्टॉपरचा दोर झिजल्याचे त्याला आधीच्या बंदरात सांगून झाले होते.

थकवा हे या अपघातांचे मोठे आणि फार कमी लिहिले जाणारे कारण. 2006 च्या सागरी कामगार कराराप्रमाणे खलाशाला कोणत्याही 24 तासांत किमान 10 तास आणि 7 दिवसांत किमान 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे. दिवसाच्या विश्रांतीचे दोनच तुकडे करता येतात आणि त्यातला एक किमान सलग 6 तासांचा असावा लागतो. भारताने हा करार 2015 मध्ये स्वीकारला. नियम चोख आहे, जहाजावरचा काम-विश्रांतीच्या तासांचा तक्ता त्याहून चोख असतो. वर सांगितलेल्या अपघाताआधी होल्ड धुण्याचे काम पहाटेपर्यंत चालले होते, तक्त्यात मात्र रात्री दहा ते सकाळी सहा झोप होती. आणि पान महिनाअखेरपर्यंत भरून तयार होते. ज्या दिवसांत जखमी माणूस पट्टी बांधून बंकवर पडून होता, त्या दिवसांपुढेही ‘डेक मेंटेनन्स, आठ तास’ असे त्याच्याच नावाने लिहिलेले होते. तक्ता भरणारा बेसावध होता एवढाच याचा अर्थ नाही. तो कोणी वाचत नाही याची त्याला खात्री होती. म्हणून खलाशाने खिशातल्या डायरीत आपले खरे तास रोज लिहावेत, कामाच्या नावासकट. नंतर आठवून लिहिलेल्या तासांना कोणी किंमत देत नाही.

बंद जागेतले मृत्यू मूरिंगवरच्या इजांहून वाईट, कारण ते एकटे येत नाहीत. टाकीत आत गंजणारे लोखंड हवेतला ऑक्सिजन खाते. कोळसा, लाकूड, धान्य, सोयाबीन भरलेल्या होल्डमध्येही तो कमी होतो. कोळशातून मिथेन निघतो. धान्याच्या होल्डमध्ये कीड मारण्यासाठी फॉस्फीन सोडलेला असतो; सेनगावच्या घरात गव्हाच्या कोठीत ठेवतात त्या गोळ्यांचाच हा वायू. खाली पडलेल्या सोबत्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही पडतो. गावाकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहतात. जहाजावर ती युक्ती चालत नाही. ज्योत फॉस्फीन ओळखत नाही आणि मिथेनला पेटवते. मीटरने वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी हवा मोजावी, ऑक्सिजन 20.9 टक्क्यांच्या आसपास दिसावा, आत जाण्याच्या परवान्यावर सही व्हावी आणि तोंडाशी एक माणूस शेवटपर्यंत उभा असावा. तोंडाशी उभ्या माणसाने काही झाले तरी आत उडी घ्यायची नाही, फक्त अलार्म द्यायचा. बंद जागेतून सुटकेची कवायत 2015 पासून दर दोन महिन्यांनी सक्तीची आहे. ती नुसती फोटो काढण्यापुरती होत असेल, तर श्वासयंत्र स्वतः एकदा तरी चढवून पाहावे.

बाकीच्या गोष्टी कोर्सच्या पुस्तकात असतात: शिडीवर हातात सामान न घेणे, हॅच कव्हर हलत असताना कोमिंगवर, म्हणजे हॅचच्या काठावर, हात न ठेवणे, ग्राइंडरला चष्मा, इंजिनरूममध्ये तेल सांडल्यास लगेच पुसणे. त्या पाळाव्यातच.

इजा झाल्यानंतरची खबरदारी मात्र पुस्तकात नसते. मलमपट्टी ओली असतानाच अपघाताचा टाइप केलेला अहवाल सहीला येतो आणि त्यात कारण ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ असे असते. ‘साइन कर दे, फॉर्मॅलिटी है’ हे वाक्य ज्याने ऐकले, त्याला पुढे कंपनी खापर कोणाच्या डोक्यावर फोडते ते कळते. सही करायचीच झाली तर ‘मजकूर मान्य नाही’ असे आपल्या हाताने लिहून करावी. अहवालाची, तक्त्याची आणि तुटलेल्या किंवा झिजलेल्या वस्तूची छायाचित्रे त्याच दिवशी घ्यावीत. पुढच्या बंदरात स्टॉपर नवा दिसतो. सोबतच्या खलाशांचे जबाब ते साइन ऑफ होऊन जहाज सोडण्याआधी लिहून घ्यावेत, कारण पुढच्या कराराच्या भीतीने माणसे कानावर हात ठेवतात.

हक्काचा भाग असा. जहाजावर झालेल्या इजेचा उपचारखर्च माणूस बरा होईपर्यंत किंवा अपंगत्व कायमचे ठरेपर्यंत मालकाने द्यायचा असतो. किनाऱ्यावर उतरवल्यानंतरच्या पगाराला देशाचा कायदा मर्यादा घालू शकतो, पण ती इजेच्या दिवसापासून 16 आठवड्यांपेक्षा कमी असू शकत नाही. त्यामागच्या विम्याचे प्रमाणपत्र जानेवारी 2017 पासून जहाजावर दर्शनी जागी लावणे सक्तीचे आहे. जहाजावर चढताच त्यावरील विमा कंपनीचे नाव आणि मुदत फोनमध्ये टिपून घ्यावी.

हे सारे प्रत्यक्षात पदरात पडावे यासाठी भरती परवानाधारक एजंटामार्फतच करून घ्यावी. आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना असलेल्यांची यादी नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे आणि त्याचे कार्यालय मुंबईत कांजूरमार्गला आहे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला मनाई आहे. जो शेत गहाण टाकायला लावतो, तो पुढे जखमी माणसाचा फोन उचलत नाही. अपंगत्वाचे प्रमाण कंपनीच्या डॉक्टरने ठरवून दिले तरी दुसऱ्या सर्जनचे मत स्वतःच्या खर्चाने घ्यावे, आणि ते हाती येईपर्यंत ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नये.