माणसं तोडून 'मी' सापडत नाही

सांगली,
गुरुवार

चि. सोनू हिस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, मला आता कुणीच नको. आधी मी मला शोधते, माणसांचं मग बघू." वहिनीकडून कळलं की घरच्या ग्रुपमधून तू बाहेर पडलीस आणि मैत्रिणींचे फोनही उचलत नाहीस. ठरलेलं लग्न मोडल्यावर काही दिवस दार लावून बसावंसं वाटलं, तर त्यात वावगं काही नाही. रड, झोप, कुणाशी बोलू नकोस; तुला पूर्ण मुभा. पण माणसं बाजूला केली की स्वतःचा शोध लागतो, हे मात्र मला पटलेलं नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

माणसं वजा केली की आत खरी सोनू उरेल, असं तुला वाटतंय. अगं, रोजचा खर्च वहीत लिहायची तुझी सवय तुझ्या आजोबांची. राग आला की गप्प बसणं थेट माझ्या भावाचं. कुणाची चूक काढायची तर चारचौघांत काढायची नाही, हे तू पहिल्या नोकरीतल्या साहेबांकडून उचललंस; तूच मला सांगितलं होतंस. हे सगळं काढून घेतल्यावर उरणारी सोनू मी तरी पाहिलेली नाही. यात तुझं स्वतःचं काहीच नाही, असं नव्हे. कुणाकडून काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ही निवड तुझीच. पण निवड करायलाही माणसं आजूबाजूला असावी लागतात.

कॉलेजात मानसशास्त्र शिकवताना मी दरवर्षी चार्ल्स कूली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञापाशी जरा जास्त रेंगाळत असे. १९०२ साली त्याने मांडलं की माणूस स्वतःला दुसऱ्यांच्या आरशात पाहतो. समोरच्याला आपण कसे दिसतो याची आधी कल्पना करतो, मग तो आपल्याबद्दल काय मत करून घेत असेल याची, आणि त्यातून आपल्याला अभिमान तरी वाटतो, नाहीतर लाज. मुलं हे परीक्षेत बिनचूक लिहायची, पण त्यातली मेख बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटायची. पहिल्या दोन्ही गोष्टी आपल्याच कल्पनेतल्या आहेत! तुझंच बघ. त्या मुलाने लग्नाला नकार देताना परदेशातल्या नोकरीचं कारण सांगितलं. 'तू कमी पडलीस' हे वाक्य त्याचं नाही. ते तू त्याच्या तोंडी घातलंस आणि आता त्यावर विश्वास ठेवून बसली आहेस. सगळं लक्ष एकाच आरशाकडे असलं की असं होतं. त्यावर उपाय म्हणून उरलेले आरसे फोडायचे नसतात.

इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' हा लेख वाचला नसशील तर वाच. बाई बर्लिनला पीएच.डी. झालेल्या, डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या, भारतातल्या नातेव्यवस्थेवर १९५३ साली मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या. लेखात एका समारंभात त्यांची ओळख करून दिली जाते, ती घरातल्या थोर माणसांच्या नात्याने. काहीतरी राहून गेलं, असं त्यांना वाटत राहतं. मग रस्त्यात शाळकरी पोरं त्यांना आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून ओळखतात आणि ती ओळख पुरी होते. तू लगेच म्हणशील, "एवढी विदुषी, आणि शेवटी कुणाची तरी आईच?" प्रश्न रास्त आहे. पण आई म्हणून ओळखल्या गेल्याने त्यांचं काम थांबलं नाही. त्यांचं 'युगान्त' हे पुस्तक त्यानंतरचं आहे. एका माणसाच्या अनेक ओळखी एकाच वेळी खऱ्या असतात. 'अमक्याची होणारी बायको' ही तुझी एक ओळख गेली. मुलगी, बहीण, भाची, मैत्रीण, ऑफिसातली भरवशाची सहकारी, या सगळ्या शाबूत आहेत. त्यांच्याकडे पाठ फिरवली आहेस ती तू.

नात्याची ऊब शरीरालाही कळते. २००६ साली जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एमआरआय यंत्रात झोपवून त्यांना विजेचा झटका बसण्याची धास्ती घातली. हातात कुणाचाच हात नसताना, अनोळखी माणसाचा असताना आणि नवऱ्याचा असताना मेंदू कसा वागतो, ते पाहिलं. नवऱ्याचा हात धरल्यावर मेंदूची धडपड सर्वांत कमी झाली. ज्यांचं आपसात चांगलं होतं, त्यांच्यात तर आणखी कमी. म्हणजे नुसता हात मिळून भागत नाही. नातं कसं आहे, त्यावर सगळं ठरतं.

हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे. त्यात सुरुवातीला २६८ कॉलेजवयीन तरुण आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलं होती. सगळे अमेरिकी पुरुष, तेव्हा तो आपल्याला जसाच्या तसा लावू नकोस. तरी दोन गोष्टी लक्षात ठेव. पन्नाशीत जे आपल्या नात्यांबद्दल समाधानी होते, ते ऐंशीत अधिक निरोगी निघाले. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा या समाधानावरून पुढचा अंदाज जास्त बरोबर येत होता. दुसरी गोष्ट मला अधिक आवडते. ऐंशीतली काही जोडपी दिवसरात्र कुरबुरायची, पण अडीअडचणीला हे माणूस पाठीशी उभं राहील असा भरवसा असला, तर त्या भांडणांनी त्यांच्या स्मरणशक्तीचं काही बिघडत नव्हतं. तेव्हा पुढे कधी जोडीदार बघशील, तर न भांडणारा शोधू नकोस. वेळेला धावून येणारा शोध.

आता सगळीच नाती सांभाळ, असं मी मुळीच सांगणार नाही. आपल्याकडे मुलींना तेवढंच सांगितलं जातं आणि त्यापायी किती जणी झिजल्या, ते मी पाहिलं आहे. ज्या माणसाला भेटून आल्यावर दर वेळी स्वतःची किंमत कमी वाटते आणि स्पष्ट सांगूनही ज्याच्यात फरक पडत नाही, त्याच्यापासून लांब राहा. मग तो रक्ताचा का असेना. ग्रुपवर टोमणे कोण मारतं, ते मला ठाऊक आहे. तिला उत्तर द्यायची तुला गरज नाही, तिच्याकडे मी बघते. पण तिच्यामुळे बाकीच्यांना शिक्षा का?

जी भरवशाची आहेत, त्यांना जवळ येऊ दे. तुझी रूममेट दाराशी ताट ठेवून जाते म्हणे. तिला आत बोलव आणि सोबत जेव. मदत मागणं म्हणजे कुणावर ओझं टाकणं नव्हे. मागितल्यावरच समोरच्याला कळतं की आपण हिच्या जवळचे आहोत. आणि झोप, भूक, कामातलं लक्ष हे बरेच दिवस ताळ्यावर आलं नाही, तर समुपदेशकाकडे जायला लाजू नकोस. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा मोफत आहे.

शेवटचं एक काम सांगते. ज्यांच्याशी बोलताना तुला कसलाही आव आणावा लागत नाही, अशा पाच जणांची नावं कागदावर लिही. माझं नाव त्यात नसलं तरी मला राग येणार नाही. त्यातल्या एकाला आज रात्री फोन कर आणि काय झालं ते तुझ्या तोंडाने सांग.

तुझी,
आत्या