डिस्कस माशाची पिले आणि टाकीचे योग्य आकारमान

शोभिवंत मासे पाळण्याचा छंद महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि काचेआडचे जलजीवन पाहण्याची गोडी सर्वसामान्य नागरिकांना लागली. पुढे शाळांच्या प्रयोगशाळांत, कार्यालयांच्या दर्शनी दालनांत आणि घराघरांत काचेच्या टाक्या आल्या. अलीकडच्या काळात या छंदाला जोडधंद्याचेही रूप आले आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धन केंद्रासाठी ३ लाख रुपयांपर्यंतचा घटक-खर्च धरण्यात आला. त्यावर सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतील लाभार्थ्यांना ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. उरलेली रक्कम मात्र लाभार्थ्यालाच स्वतःच्या बचतीतून किंवा कर्जातून उभी करावी लागते. म्हणूनच या व्यवसायातील प्रत्येक प्राथमिक निर्णय विचारपूर्वक घेतला जाणे अगत्याचे आहे.

अशा निर्णयांत पहिला प्रश्न असतो तो टाकीच्या आकारमानाचा. चांगली किंमत मिळते म्हणून अनेकांचे लक्ष डिस्कस या माशाकडे वळते. परंतु हा मासा जितका देखणा, तितकाच पाण्याच्या बाबतीत काटेकोर आहे. त्याच्या पिलांसाठी टाकी निवडताना कोणता हिशेब मांडावा, याचा विचार येथे केला आहे.

माशाची ओळख

डिस्कस हा दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातील मासा. योहान नाटेरर या संग्राहकाने ब्राझीलमध्ये जमविलेल्या नमुन्यांवरून योहान याकोब हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. थाळीसारखे गोल व दोन्ही बाजूंनी चपटे शरीर, यावरून त्याला हे नाव मिळाले. अ‍ॅमेझॉनच्या संथ उपप्रवाहांत, काठच्या बुडालेल्या झाडांच्या फांद्यांमध्ये आणि मुळांमध्ये तो कळपाने राहतो. तेथील पाणी उबदार असते आणि त्यात क्षारांचे प्रमाण अत्यल्प असते. पूर्ण वाढलेला मासा साधारणतः १५ सेंटिमीटर लांबीचा होतो. काही मासे त्याहूनही मोठे होतात. बाजारात मिळणारे बहुतेक डिस्कस आज नदीतून पकडलेले नसून पैदास केंद्रांत वाढविलेले असतात. या पैदाशीत थायलंड, मलेशिया इत्यादी आशियाई देशांचा वाटा मोठा आहे.

या माशाचे संगोपनही वैशिष्ट्यपूर्ण आहे. अंड्यांतून बाहेर पडलेली पिले पोहू लागताच मातापित्यांच्या अंगाला बिलगतात आणि त्यांच्या त्वचेवर स्रवणाऱ्या श्लेष्मावर पोसली जातात. नर व मादी दोघेही हे काम करतात. सुमारे ३ आठवड्यांनंतर मातापिता पिलांपासून अधिकाधिक दूर राहू लागतात आणि पिले अन्य अन्नाकडे वळतात. येथून पुढे त्यांच्या वाढीची जबाबदारी पाळणाऱ्यावर येते.

लहान पिलाला लहान टाकी पुरेल काय?

पिलू लहान, म्हणून टाकीही लहान, असा समज सर्वत्र आढळतो. तो वरवर पाहता तर्काला धरून आहे. वस्तुतः तो फसवा आहे. लहान पिलू शरीराच्या मानाने प्रौढ माशापेक्षा पुष्कळ अधिक खाते. प्रौढ माशाला दिवसातून दोनदा अन्न पुरते. पिलांना ते चार-पाच वेळा द्यावे लागते. जितके अन्न अधिक, तितकी विष्ठा आणि उरलेल्या खाद्याचा कुजका अंश अधिक. माशांच्या श्वसनातून व या कुजण्यातून अमोनिया हा विषारी पदार्थ पाण्यात मिसळतो.

डिस्कसच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याला २८ ते ३० अंश सेल्सियस तापमानाचे पाणी लागते. पाणी जितके उबदार, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच. शिवाय तापमान आणि पाण्याचा सामू वाढला की अमोनियाची विषाक्तताही वाढते. म्हणजेच भूक अधिक, प्राणवायू कमी आणि विषाचा प्रभाव जास्त, असा तिहेरी ताण या पिलांवर असतो. अशा पाण्यात राहिलेले पिलू लगेच मरतेच असे नाही, पण त्याची वाढ खुंटते. शरीर गोल न होता लांबट राहते आणि डोळे शरीराच्या मानाने मोठे दिसू लागतात. पहिल्या वर्षात खुंटलेली वाढ पुढे सहसा भरून निघत नाही आणि अशा माशाला बाजारात किंमत येत नाही.

आकारमानाचा हिशेब

टाकीत किती पाणी मावते हे काढणे सोपे आहे. लांबी, रुंदी व पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला १,००० ने भागावे, म्हणजे लिटर मिळतात. पाण्याची पातळी काठापासून सुमारे ५ सेंटिमीटर खाली ठेवावी लागते, हे हिशेबात धरले पाहिजे. शिक्षकांना वर्गात घनफळ शिकविताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

आता तीन टाक्यांची तुलना करू. ६०×३०×३० सेंटिमीटरच्या टाकीत प्रत्यक्ष पाणी ४५ लिटर. ९०×४५×४५ सेंटिमीटरच्या टाकीत १६२ लिटर. १२०×४५×५० सेंटिमीटरच्या टाकीत २४३ लिटर. पहिल्या टाकीच्या दुप्पट लांबीच्या टाकीत पाणी दुप्पट नव्हे, तर पाचपटींहून अधिक मावते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

समजा, ५ ते ६ सेंटिमीटर लांबीची सहा पिले मिळून दिवसाला ३ ग्रॅम खाद्य खातात. ४० टक्के प्रथिने असलेल्या एक ग्रॅम खाद्यापासून अमोनियाच्या रूपाने सुमारे ३७ मिलिग्रॅम नत्र तयार होते, असा मत्स्यसंवर्धनातील ठोकताळा आहे. तीन ग्रॅमचे सुमारे ११० मिलिग्रॅम झाले. ते लहान टाकीत मिसळले तर दर लिटरला जवळजवळ अडीच मिलिग्रॅम, मधल्या टाकीत सुमारे ०.७ आणि मोठ्या टाकीत ०.४५ मिलिग्रॅम पडते. मासे तेच, खाद्य तेच. पण लहान टाकीतील पिलांना पाचपट तीव्र विषाशी सामना करावा लागतो.

गाळणीतील उपकारक जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर कमी अपायकारक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, हे खरे. तथापि नव्या गाळणीत हे जिवाणू स्थिरावण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. टाकी आणि मासे एकाच दिवशी आणणे म्हणूनच धोक्याचे ठरते. शिवाय अखेरीस साचणारे नायट्रेट पाणी बदलल्याशिवाय कमी होत नाही. मोठी टाकी ही पाणी बदलण्याला पर्याय नव्हे. वीज गेली किंवा एखाद्या वेळी खाद्य जास्त पडले, तर सावरण्यास मिळणारा अवधी तिच्यामुळे वाढतो, एवढेच.

वयानुसार टाकी

पैदास करणाऱ्याकडे नर-मादीची जोडी सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीच्या टाकीत ठेवतात. पिले मातापित्यांपासून वेगळी केल्यावर, म्हणजे ती २ ते ३ सेंटिमीटरची असताना, ६० सेंटिमीटर लांबीची टाकी काही आठवडे चालते. या अवस्थेत फार मोठी टाकी गैरसोयीचीच असते. खाद्य सर्वत्र विखुरते, पिलांना ते सापडत नाही आणि ते तळाशी कुजते. परंतु या लहान टाकीतील बहुतांश पाणी रोज बदलणे अपरिहार्य आहे. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी एवढी लहान पिले घेऊ नयेत.

पिले ५ ते ६ सेंटिमीटरची झाली की सहा पिलांसाठी ९० सेंटिमीटर लांबीची टाकी लागते. १० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर प्रत्येक माशामागे ४० लिटर पाणी हे प्रमाण धरावे. म्हणजे त्याच सहा माशांना २४० लिटरच्या आसपासची, वर दिलेली १२० सेंटिमीटर लांबीची टाकी हवी. चांगल्या संगोपनात हा टप्पा काही महिन्यांतच येतो. ज्याला एकच टाकी घेणे परवडते, त्याने प्रारंभीच ही शेवटची टाकी घ्यावी आणि ५-६ सेंटिमीटरची पिले थेट तीत सोडावीत.

माशांची संख्या कमी करून लहान टाकीत भागवावे, असे काहींना वाटेल. परंतु डिस्कस हा कळपात राहणारा मासा आहे. दोन-तीनच पिले असली तर सबळ पिलू दुर्बलाला सतत हुसकावते व खाऊ देत नाही. पाच-सहा पिले असली म्हणजे हा जाच विभागला जातो.

टाकीची केवळ क्षमता नव्हे, ठेवणही महत्त्वाची आहे. हवेतील प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून आत येतो. ९०×४५ सेंटिमीटरच्या आडव्या टाकीचा पृष्ठभाग ४,०५० चौरस सेंटिमीटर भरतो. तीच टाकी उभी केली तर तो निम्मा होतो. म्हणून उभट किंवा गोल शोभेच्या भांड्यांपेक्षा लांबट टाकी घ्यावी. उंची मात्र ४५ सेंटिमीटरहून कमी नसावी, कारण परांसह हा मासा चांगलाच उंच होतो. पिलांच्या टाकीत तळाशी वाळू किंवा खडी घालू नये. उघडा तळ रोज स्वच्छ करता येतो. पिलांना जोराचा प्रवाह सोसत नाही, त्यामुळे हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी सोयीची पडते. थंडीत पाणी उबदार ठेवण्यासाठी दर लिटरमागे सुमारे एक वॅट या प्रमाणात हीटर घ्यावा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. तेव्हा २४३ लिटरची टाकी साध्या टेबलावर न ठेवता भक्कम लोखंडी मांडणीवर ठेवावी.

पाणी कोठून येणार?

वाढीच्या काळात निम्मे पाणी रोज बदलावे, असा अनुभवी संवर्धकांचा प्रघात आहे. २४३ लिटरच्या टाकीला याप्रमाणे रोज १२० लिटर पाणी लागेल. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविण्यात आले. म्हणजे डिस्कसची एक टाकी दोन माणसांच्या वाट्याहून अधिक पाणी घेते. दहा टाक्यांचे केंद्र वीस-बावीस माणसांचे. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे या व्यवसायाची शिफारस करताना पंचायत सदस्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवलाच पाहिजे. टाकीतून काढलेले पाणी परसबागेला देता येते आणि त्यातील नत्रामुळे भाजीपाल्याला लाभही होतो. पण आधी ते उपलब्ध असले पाहिजे. पाणी बेताचे असेल तेथे गप्पी, मोली यांसारखे काटक मासे निवडणे शहाणपणाचे होय.

पाण्याची प्रतही पाहावी लागते. ग्रामपंचायतीच्या पुरवठ्यात निर्जंतुकीकरणासाठी टीसीएल पावडर टाकतात. माणसांच्या आरोग्यासाठी ती आवश्यक आहे, पण तिच्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. असे पाणी उघड्या पिंपात हवेचा पंप लावून एक दिवस ठेवल्यास क्लोरीन निघून जातो. म्हणून टाकीबरोबर तेवढ्याच क्षमतेच्या पिंपासाठीही जागा राखून ठेवावी. सिमेंटच्या नव्या हौदातून चुना पाण्यात उतरतो आणि सामू वाढतो. असा हौद अनेकदा भरून रिकामा केल्याशिवाय, व पाण्याचा सामू तपासल्याशिवाय, वापरू नये.

प्रस्ताव तपासताना

एखाद्या बचत गटाचा प्रस्ताव समोर आला असता अधिकाऱ्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. मासे किती आणि ते कोणत्या आकाराचे होईपर्यंत ठेवणार? त्या आकाराच्या माशांना पुरेल एवढे पाणी टाक्यांत मावते काय? रोज बदलायचे पाणी उन्हाळ्यातही कोठून मिळणार? वीज गेल्यास हवेचा पंप चालू ठेवण्याची सोय आहे काय? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे नसतील तर टाक्या कमी करण्यापेक्षा मासे कमी करावेत. दहा लहान टाक्यांतील साठ खुरटलेल्या माशांपेक्षा दोन मोठ्या टाक्यांतील बारा निरोगी मासे गटाच्या हिताचे आहेत.

टाकी अपुरी पडली की मासे नदीत वा विहिरीत सोडून देण्याचा मोह होतो. तोही टाळला पाहिजे. टाकीतील शेवाळ खाण्यासाठी आणला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सापडू लागला, हे उदाहरण आपल्यासमोर आहे. परदेशी मासा सांभाळता येईल एवढी टाकी नसेल, तर तो आणूच नये. पिलाची आजची लांबी पाहून नव्हे, तर त्याची उद्याची वाढ आणि आपल्याजवळचे रोजचे पाणी पाहून टाकी निवडली, तर मासाही वाढेल आणि त्यावर विसंबलेल्या कुटुंबाचा व्यवसायही.